चौदा पाकळ्यांचा कर्णा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाली आणि आईनं मांडीवर सूप ठेवलं, त्यात पानं आणि कात्री. तेव्हापासून मी बिड्या वळते. पेन हातात आलं ते फक्त सहीपुरतं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलंच तर चुकांची माफी असावी. बोलणं मला लिहिण्याहून अवघड जातं. घरात चार माणसं बसली की मी भांडी घासायला उठते. आयुष्यात एकदाच परक्या माणसापुढं मोकळेपणानं बोलले. ज्यांच्याबद्दल बोलले त्यांच्याबद्दलच आता लिहिते.

त्यांचं नाव घालत नाही. "नाव कशाला पायजे? कुणी सांगितलं लिहायला?" असंच ते पहिल्यांदा विचारतील. गल्लीत त्यांना कर्णेवाले म्हणतात. मी अण्णा म्हणते.

निपाणीत आमच्या गल्लीच्या टोकाला तंबाखूची एक जुनी वखार आहे. तंबाखू कधीच गेला, पण भिंतींतला वास गेलेला नाही. नवीन माणूस आत गेला की चार वेळा शिंकतो. ती वखार अण्णांनी भाड्यानं घेतली. बेळगावहून टेंपो आला. वाकळांत गुंडाळलेलं एकेक सामान ते स्वतः उतरवत होते आणि हमालांना हात लावू देत नव्हते. हमाल टेंपोला टेकून उभे. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "अण्णा, आम्हाला बोलवलंय कशाला मग?"

"टेंपोवाल्यावर ध्यान ठेवायला," अण्णा म्हणाले.

सत्तरीचा माणूस. पांढरा लेंगा, वर खाकी कोट, आणि कपाळावर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग. ते भिंग बाजारातही कपाळावरच असायचं. मेथीची जुडी घेतानासुद्धा ते डोळ्यावर ओढून पानं तपासायचे. भाजीवाली म्हणायची, "अण्णा, मेथी हाय, हिरा न्हवं." तरी ते देठ मोडून बघत आणि मगच पैसे काढत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वखारीच्या सगळ्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. तिसऱ्या दिवसापासून स्पिरिटचा वास यायला लागला. माझ्या शेजारची आक्का दारात उभी राहून नाक वर करून म्हणाली, "दारू गाळतंय गं ते." मग अण्णा एकदा शेतावरून येणाऱ्या बायकांना थांबवून म्हणाले, "बाभळीचे लांब काटे मिळतील का? सरळ पायजेत." त्या दिवसापासून आक्कानं दारूचा विषय सोडला आणि भानामतीचा धरला.

आत खरं काय होतं ते मला नंतर कळलं. आत फोनो होते, चावीचे. खाली लाकडी पेटी, बाजूला चावी, वर तबकडी फिरायची चकती आणि आवाज बाहेर पडायला मोठा कर्णा. असे बावीस फोनो. कुणाची स्प्रिंग तुटलेली, कुणाच्या पेटीत उंदरांनी घर केलेलं. गावोगाव हिंडून, माळ्यांवरून, गोठ्यांतून त्यांनी ते गोळा केले होते. बहुतेकांचे कर्णे पितळेचे नाहीतर पत्र्याचे. पण अण्णांचा जीव लाकडी कर्ण्यांत. तसे कर्णे फार थोडे. कागदापेक्षा थोड्या जाड लाकडाच्या लांब पाकळ्या सरसानं एकमेकींना जोडायच्या की मोठं धोतऱ्याचं फूल होतं. "पितळंचा कर्णा म्हंजे बाजारातला भाजीवाला," ते म्हणायचे. "लाकडाचा म्हंजे शेजारच्या खोलीत कोणतरी बोलल्यागत."

खिडक्या बंद, कारण उन्हानं लाकूड तडकतं. स्पिरिट लाखेच्या पॉलिशला. काटे सुईच्या जागी, कारण लोखंडी सुई तबकडी खाते. सगळ्याला साधी कारणं होती. पण अण्णा कारण सांगत नसत. कुणी विचारलं की उलट विचारत, "तुम्हाला कशाला पायजे?" एवढं बोलून दार लावलं की गल्लीनं काय समजायचं?

माझ्याकडे ते एका सकाळी आले. मी उंबऱ्यात बसून पानं कापत होते. बिडीचं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं कात्री आपोआप फिरते. अण्णा भिंग डोळ्यावर ओढून पाच मिनिटं नुसते बघत उभे. मी लाजेनं मान खाली घातली. मग म्हणाले, "लाकूड कापशीला का असं? पानागत पातळ असतंय."

मी पुढचं पान साच्यावर ठेवलं.

"पाकळीमागं पंचवीस रुपये."

मी मान हलवली. बिड्यांचं काम तेव्हा आठवड्यातून तीन दिवसच मिळत होतं.

त्यांच्याकडं काम करायचं म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी समजलं. मी यायच्या आधी ते टेबलावरचे सगळे स्क्रू मोजत, मी गेल्यावर परत मोजत. मोजायचे कन्नडात. ओंदु, एरडु, मूरु. कन्नडात मोजलं की मराठी माणसाला कळत नाही असं त्यांना वाटायचं. निपाणीत! मी दुपारी घरी जायला निघाले की दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक घेऊन ते दारात उभे. माझ्या सुपावरून, पदराच्या टोकावरून तो फिरवायचे, एखादा स्क्रू अडकून जात असेल म्हणून. बिडी कारखान्याच्या दारात आमची झडती व्हायची तेव्हा निदान बाई झडती घ्यायची. एकदा चुंबकाला माझी सेफ्टी पिन चिकटली. अण्णा ती उजेडात धरून बघत बसले.

"ही माझी न्हाय ना?"

"माझ्या परकराची हाय," मी म्हणाले. तीन आठवड्यांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

त्यांनी पिन परत दिली, पण वहीत काहीतरी लिहिलं.

त्या वहीबद्दल सांगायलाच पाहिजे. लाल पुठ्ठ्याची लांब वही. रोज मी किती पाकळ्या कापल्या ते त्यात लिहायचे आणि खाली माझी सही घ्यायचे. त्यांची शाळा कन्नड, त्यामुळे लिहायचे कन्नडात. मला कन्नड बोललेलं समजतं, लिहिलेलं वाचता येत नाही. म्हणजे कशाखाली सही करते ते मला ठाऊक नव्हतं. बिडीच्या वहीत मी जन्मभर पूर्ण मजुरीपुढं सही केली आणि कमी पैसे मोजून घेतले. ज्या वहीत आपली सही असते ती वही आपल्याच विरुद्ध उघडते, एवढं मला चौथी पास असून कळतं.

दुसरी गोष्ट छाटीची. बिडीच्या कामात चेकर आपल्या बिड्या बघतो आणि वाईट म्हणून काही बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. आणि ती छाट टाकूनही देत नाहीत. बंडलात घालून चांगल्या बिडीच्या भावानं विकतात. हे निपाणीतल्या लहान पोरीलासुद्धा माहीत असतं. अण्णा माझ्या पाकळ्या एकेक उजेडात धरत आणि बहुतेक बाजूला काढत. "ही न्हाय. ही बी न्हाय. शिरा तिरक्या गेल्यात." मी मनात म्हणायची, झाली छाट सुरू. पण आठवड्याच्या शेवटी त्यांनी सगळ्या पाकळ्यांचे पैसे दिले. बाजूला काढलेल्यांचेसुद्धा.

छाटीचे पैसे देणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. त्या दिवसापासून माझा संशय पक्का झाला. वाईट मालाला कुणी पैसे देईल का? म्हणजे तो माल वाईट नाही. तो कुठंतरी लागतोय, आणि कुठं लागतोय ते मला कळू द्यायचं नाही.

आक्काला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, नवं लाकूड जुनं म्हणून विकतंय ते. पुण्या-मुंबईचे लोक जुन्याला लाख लाख देतात. एक दिवस हिंडलग्याला जाणार ह्यो. आणि वहीत सही कुणाची? तुझी. तुला बी नेतील."

आमच्याकडं हिंडलगा म्हटलं की गाव कुणाला आठवत नाही, तुरुंगच आठवतो. मी त्या दिवशी भात करपवला. माझी मुलगी पतसंस्थेत नुकतीच कारकून म्हणून लागली होती. तिच्या आईला पोलीस घेऊन गेले तर तिला कोण ठेवील?

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवून कामाला जाऊ लागले. ते माझ्यावर नजर ठेवायचे आणि मी त्यांच्यावर. वखारीत दोन माणसं दिवसभर एकमेकांकडं न बघता बघत बसायची.

तेव्हा चौदा पाकळ्यांच्या एका कर्ण्याचं काम चाललं होतं. खानापूरकडच्या एका घरातून तो फोनो आला होता आणि पुण्याच्या एका साहेबांनी तो घ्यायचा ठरवला होता. अठरा हजार आगाऊ दिले होते. ते पैसे स्प्रिंग, सरस आणि त्याच फोनोच्या मूळ किमतीत गेले होते. अण्णांनी मला तंबाखूची भुकटी आणायला सांगितली. ती उकळून त्यांनी गडद पाणी केलं. एका दुपारी अण्णा पाणी प्यायला मागं गेले, तेव्हा मी कोपऱ्यातलं ओलं पोतं उचलून बघितलं. आत चौदा पाकळ्या. सगळ्या भिजलेल्या, सगळ्या एकाच रंगाच्या.

बिडीचं पान कापायच्या आधी ओल्या पोत्यात ठेवतात. कापून वाळलेलं पान परत कुणी भिजवत नाही. बुरशी येते. माझ्या हिशेबानं भिजलेलं म्हणजे नवं. मी तोवर चाळीस पाकळ्या कापल्या होत्या. कर्ण्याला लागतात चौदा. छाट कुठं गेली ते मला कळलं.

चार दिवसांनी साहेब आले, सांगितलेल्या वेळेच्या आधी. अण्णा स्पिरिट आणायला बेळगावला गेले होते आणि वखारीला कुलूप होतं. साहेब घाम पुसत माझ्या दारात आले. मी खुर्ची दिली, चहा दिला, आणि दाराच्या आड उभी राहिले.

"तुम्हीच पाकळ्या कापता ना?" त्यांनी विचारलं. "अण्णा फार कौतुक करतात तुमच्या हाताचं."

हा गोड बोलून काढून घेतोय, मला वाटलं. पोलिसांचाच माणूस असेल.

"किती कापल्या एकूण?"

"चाळीस."

त्यांचा कप तोंडापाशी थांबला. "चाळीस? मला तर ते म्हणाले, तीनच नव्या आहेत, बाकी मूळच्या."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. जन्मभर गप्प बसले ती तिथंच नेमकी बोलले. "सगळ्या नव्याच हायत साहेब. तंबाखूच्या पाण्यात घालून जुन्या केल्यात. म्या डोळ्यांनी बघितलंय. वहीत माझी सही हाय म्हणून मला धरू नका. म्या फकस्त कापलंय."

अण्णा दुपारच्या बसनं आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच साहेबांनी विचारलं, "तुम्ही तीन म्हणाला होतात ना?"

"तीनच हाईत."

"तुमच्या बाई तर म्हणतात, सगळ्या नव्या आहेत."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. भिंग कपाळावर होतं. त्यांचे उघडे डोळे मी पहिल्यांदा नीट बघितले. "म्हणालासा?"

"व्हय," मी म्हणाले.

"मला आत दाखवा," साहेब म्हणाले. "बघून खात्री करून घेतो, विषय संपला."

अण्णा कुलपाकडं वळले, किल्ली काढली आणि परत खिशात टाकली. "माझं तीन ज्याला खोटं वाटतंय त्याला मी आत घेत न्हाय. आठ दिवस द्या. पैसे परत मिळतील."

"अहो, पण—"

"आठ दिवस."

साहेब रागानं गाडीत बसले. फोनो जमवणाऱ्यांचा त्यांच्या फोनवर एक ग्रुप आहे म्हणे. त्या संध्याकाळी त्यावर निपाणीच्या माणसापासून सांभाळा असं लिहून झालं.

आठव्या दिवशी बेळगावहून टेंपो आला. अण्णांच्या खाटेच्या उशाशी एक फोनो कायम असायचा, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला पहिला. त्याची किंमत कुणी विचारली तर ते उत्तरसुद्धा देत नसत. तो त्या दिवशी विकला गेला. हमालांनी उचलला, टेंपोत आडवा ठेवला, वाकळ अर्धी उघडी राहिली. अण्णा दारातून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले, हातात राहिलेली मजुरी आणि लाल वही. "उद्यापासनं येऊ नका. ही शेवटची सही करा."

मला वाटलं, आता हा मला अडकवणार. सगळा दोष माझ्यावर लिहून आणला असणार. मी म्हणाले, "पोरगी वाचून दाखवील. मग करते."

"तसंच करायला पायजे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं करायला पायजे होतं." आणि पायरीवर बसले.

माझी मुलगी शाळेत कन्नड शिकली आहे. ती वही घेऊन आत माझ्यापाशी बसली आणि मराठी करून मला वाचून दाखवू लागली. वहीत आक्का म्हणजे मी. "आक्कांनी दोन कापल्या. दोन्ही नापास. चूक माझी, साचा वाकडा होता. मजुरी दिली." पुढचं पान. "आक्कांनी तीन कापल्या. एक पास. हात चांगला आहे." एका पानावर सेफ्टी पिन होती. "पिन आक्कांची. मी संशय घेतला." मुलीला हसू आलं. मग ती हळू वाचू लागली. "नापास एकूण सदतीस. सरस तापवायच्या चुलीत घातल्या. कर्ण्याच्या अकरा जुन्या पाकळ्या सरस सुटावा म्हणून ओल्या पोत्यात ठेवल्या. तीन नव्या रंग जुळावा म्हणून तंबाखूच्या पाण्यात बुडवून त्याच पोत्यात. जुन्या अकरा, नव्या तीन. साहेबांना कळवलं."

ती थांबली. "आई, ह्यात वाईट काय आहे? तू काय सांगितलंस त्या साहेबांना?"

छाट चुलीत घालणारा माणूस जगात असतो हे मला कधी सुचलंच नव्हतं.

बाहेरून अण्णा म्हणाले, "झालं का वाचून? करा सही."

मी केली. त्यांनी भिंग ओढून ती आधीच्या सहीशी पडताळून बघितली आणि गेले.

मुलीनं वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले होते. ते तिनं वहीतला नंबर बघून साहेबांना पाठवले आणि मी सांगितलं तसं लिहिलं, की चूक माझ्या आईची, अण्णा खरं बोलत होते. साहेबांकडून उलट फक्त अंगठ्याचं चित्र आलं. त्यानं काय झालं देव जाणे. पुढचे सहा महिने वखारीसमोर कुणाची गाडी थांबलेली मी बघितली नाही.

मी ठरवलं, अठरा हजार फेडायचे. मुलगी ओरडली, "अठरा हजार? आई, तू काय चोरी केलीस का?"

"केलीच की."

"कशाची?"

मी भांडी घासायला उठले. तिच्या पगारातलं मला नको होतं. बिड्या होत्या, शेळीची दोन करडं होती, महिन्याला पाचशे निघाले असते.

पहिले पाचशे घेऊन गेले तेव्हा अण्णांनी दार अर्धंच उघडलं. "कशाचे?"

"साहेबांचे. माझ्यामुळं गेले ते."

त्यांनी नोट उजेडात धरली, उलटी केली, परत धरली. "कुणी शिकवलं हे? पोरीनं?"

"न्हाय."

"मग वकील गाठलासा? आज मी पैसे घेणार, उद्या तुम्ही म्हणणार, गरीब बाईकडनं म्हातारा पैसे उकळतोय."

मला राग आला. मी त्यांच्या हातातली नोट घेतली, आत जाऊन टेबलावर ठेवली आणि हलले नाही. शेवटी त्यांनी वही काढली. म्हणाले, मराठीत लिहा. मी लिहिलं, "मी माझ्या मनानं देते." खाली सही. त्यांनी ते तीन वेळा वाचलं.

असे चार महिने गेले. पाचव्या महिन्यात सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पाकळीचा पत्र्याचा साचा ठेवलेला. सोबत निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी कात्रीला धार लावून आणली आणि गेले. त्यांनी आधी स्क्रू मोजले, मग मला बसायला पोतं दिलं.

मग आठवड्याला ते मला मजुरी द्यायचे आणि महिन्याला मी त्यांना पाचशे द्यायचे. एकदा मी म्हणाले, "अण्णा, मजुरीतनंच कापून घ्या की. हिकडनं तिकडं कशाला?"

"मजुरी ती मजुरी. फेड ती फेड," ते म्हणाले. "मजुरीतनं कापून घेतो तो ठेकेदार."

चौदा पाकळ्यांचा तो कर्णा तसाच राहिला होता. आम्ही तो पूर्ण केला. लाखेचे किती हात दिले ते मोजणं मी सोडून दिलं, अण्णांनी सोडलं नाही. एका दुपारी त्यांनी चावी दिली, पूर्ण नाही, तीन फेरे राखून. ते कधीच पूर्ण चावी देत नाहीत. कर्ण्यात त्यांनी पायमोजा कोंबला, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून. मग माझ्याकडं बघून काय वाटलं कुणास ठाऊक, मोजा काढला. बाई गात होती. शंभर वर्षांपूर्वीची कुणीतरी. शब्द मला समजले नाहीत. गाणं संपलं आणि ती बाई घाईघाईनं बोलली, स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबली.

"हे काय?" मी विचारलं.

"सही हाय ती तिची," अण्णा म्हणाले. "त्या वेळची माणसं गाणं झालं की नाव सांगायची. कुणाचं काम हाय ते कळायला पायजे." थोडा वेळ ते चकती पुसत राहिले. "बेळगावात खडेबाजाराच्या बोळात माझं दुकान होतं. भागीदार होता एक. गिऱ्हाइकांच्या घड्याळांतले, फोनोतले जुने भाग काढून विकायचा, नवे घालायचा. मला पत्ता न्हाय. कळलं तवा बाजारभर मी एकेकाच्या पाया पडत हिंडलो, मी न्हाय केलं म्हणून. कुणी ऐकलं न्हाय. कशात कुणाचं काम, ते लिहिलेलंच नव्हतं ना. तवा ठरवलं, आता प्रत्येक गोष्ट लिहायची. आणि कुणाच्या पाया पडायचं न्हाय."

म्हणून त्या दिवशी त्यांनी किल्ली खिशात टाकली होती. मी कात्री उचलली आणि उगीचच धार बघत बसले. त्यांनी काटा काढला, तबकडी कापडात गुंडाळली आणि मी निघताना माझ्या पदरावरून चुंबक फिरवला.

तीन वर्षं अशी गेली. मध्ये दोन गाड्या आल्या. एकानं वही बघायला मागितली, वाचली आणि एक फोनो नेला. पण कर्णा अजून वखारीतच आहे. अण्णा म्हणतात, विकायचा नाही. आक्का म्हणते, भाव वाढायची वाट बघतोय.

मग शेवटचे पाचशे राहिले. मी घेऊन गेले तर अण्णा म्हणाले, "पुढच्या महिन्यात द्या. आज अमावास्या हाय." पुढच्या महिन्यात म्हणाले, "डोळ्यांत औषध घातलंय, मोजता यायचं न्हाय." त्याच्या पुढच्या महिन्यात वही सापडत नाही म्हणाले. वही त्यांच्या मांडीखाली होती.

मी घरी येऊन विचार करत बसले. पैसे घ्यायला नको म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच. आक्का म्हणाली, "व्याज लावणार बघ. पाचशे लटकत ठेवायचे आणि त्यावर हजार काढायचे. अगं, तो मेथी सोडत नाही, तुला सोडील?" रात्रभर माझ्या डोक्यात तेच. सकाळी वखारीत गेले, उद्याच्या कामाचं लाकूड ओल्या पोत्यात घातलं, आणि पदराची गाठ सोडून शंभराच्या पाच नोटा त्यांच्यापुढं धरल्या.

"अण्णा, का घेत न्हाईसा?"

ते एक दातेरी चाक घासत होते. मान वर केली नाही. "घेतले की संपलं."

"संपू दे की."

"संपलं की तुम्ही मोकळ्या. मग उद्या कोण येतंय? फेड हाय म्हणून येतासा."

"तुम्हाला असं वाटतंय?"

"वाटतंय म्हंजे? तसंच असणार. दुसरं कारण काय?"

तीन वर्षं हा माणूस माझ्याबद्दल असा संशय घेऊन समोर बसला होता, आणि मी व्याजाचा. मला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं असेल, मी बोलले. "सकाळी पोत्यात सहा पाकळ्यांचं लाकूड भिजत घातलंय म्या. ते उद्या कोण कापणार? तुमचा चेकर? आणि पाकळीमागं पंचवीस आता परवडत न्हाईत. तीस करा. धरा हे पैसे."

अण्णांनी चाक खाली ठेवलं. भिंग डोळ्यावर ओढलं. "तीस जास्त होतात."

"बाजारात विचारा."

"अठ्ठावीस."

"तीस."

त्यांनी हात पुढं केला, नोटा घेतल्या आणि मोजल्या. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. परत एकदा मोजल्या. मग मी त्यांच्या हातातून घेऊन माझ्या मनासाठी मोजल्या आणि परत दिल्या. मांडीखालची वही त्यांनी काढली, शेवटच्या रकमेपुढं मराठीत लिहिलं, "अठरा हजार पूर्ण मिळाले", आणि खाली त्यांची सही केली. शाई वाळेपर्यंत मी तिथं उभी राहिले.